सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ

चिपळूण

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

तू घ्यायची म्हणतेस त्या सेकंडहँड गाडीचे फोटो काल रात्री बघितले. आईला रंग फार आवडला. मला मात्र झोप लागली नाही, म्हणून सकाळीच लिहायला बसलो.

आपली जुनी गाडी आठवते ना? २२ जुलै २०२१ ला पुराचं पाणी तिच्या टपावरून गेलं. विमा कंपनीने टोटल लॉस, म्हणजे गाडी दुरुस्तीपलीकडे गेली असं धरून पैसे दिले, गाडी टोचन लावून नेली. विषय संपला असं मी समजलो. आठ महिन्यांनी मोबाइलवर चलन आलं. नाशिकचा सिग्नल, आणि फोटोत आपलीच गाडी, पॉलिश मारलेली. पुढच्या सीटवर एक बाई, मांडीवर लहान मूल. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, अजून माझ्याच नावावर होती, पण ते राहिलं बाजूला. ती गाडी बुडालेली होती, हे त्या माउलीला कुणी सांगितलं असेल का, हेच अजून मनात येतं.

म्हणून तू आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ. बाहेरचा पट्टा धुतात, आत गुंडाळलेला कुणी धूत नाही. आपल्या गाडीत तिथे तांबूस गाळाची रेघ राहिली होती. स्टेपनी उचलून खालचा खड्डा बघ, सीटच्या रुळांना गंज आहे का तेही बघ. गाडीत अत्तराचा वास जास्त येत असेल तर काचा बंद करून थोडा वेळ बस, खालचा कुबट वास लपत नाही.

एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाकलास की कितवा मालक आणि कर्जाचा बोजा आहे का, ते कळतं. कर्ज फिटलं असं तोंडी सांगितलेलं धरू नको. बँकेची एनओसी आणि आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात हवा. चलनं वेगळी तपास. चासी नंबर आरसीशी एकेक अक्षर लावून जुळव.

विम्याची जुनी पॉलिसीही माग. क्लेम नसला की नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, दरवर्षी चढत पाच वर्षांत ५० टक्क्यांवर जातो. ‘साधा ओरखडा नाही’ म्हणणाऱ्याच्या कागदावर शून्य असेल, तर का ते विचार. मालक नुकताच बदलला असेल तरी शून्य दिसतो, म्हणून भांडू नको, नुसतं विचार.

आणि मला खटकलं ते हे: फोटोत मीटर ३८ हजार दाखवतंय, पण क्लच पेडलचं रबर पार गुळगुळीत झालंय. मीटर मागे फिरवलंय की काय अशी शंका येते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर दर सर्व्हिसच्या वेळचं रीडिंग नोंदलेलं असतं. मालकाला सोबत घेऊन ती हिस्टरी काढून घे.

घेतलीच तर पैसे दिले त्याच आठवड्यात गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० आरटीओत गेले पाहिजेत. विमाही १४ दिवसांत तुझ्या नावावर करून घ्यायचा.

मी शनिवारी रात्री पोचतो. रविवारी सकाळी गाडी सुरू करून ठेवू नका असं मालकाला सांग, इंजिन गार असतानाच बघायचंय. तोवर टोकन देऊ नको.

तुझे,
बाबा