सडा पडीक नव्हे

महोदय,
रत्नागिरी जिल्ह्यातलं आमच्यासारखं गाव समजून घ्यायचं तर वरून खाली यावं लागतं. माथ्यावर जांभ्याचा (तांबड्या दगडाचा) सडा, म्हणजे उघडं कातळपठार, उतारावर वाड्या आणि आंबा-काजूच्या बागा, त्याखाली वहाळाकाठचे मळे, शेवटी खाडीलगतचं खाजण, म्हणजे खारी जमीन. वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरी मे महिन्यात वरच्या वाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. मुंबईकर पाहुण्यांना याचं नवल वाटतं. जांभा सच्छिद्र असतो. पाणी त्यातून झिरपत खालच्या चिकणमातीच्या थरापर्यंत जातं आणि तो थर उतारावर जिथे उघडा पडतो, तिथे झरा फुटतो. आमच्या विहिरी याच पाण्यावर.

म्हणजे सडा ही गावाची पाण्याची टाकी. कागदोपत्री मात्र तो पोटखराबा (लागवडीला अयोग्य) किंवा पडीक, त्यामुळे चिरेखाणीसाठी, म्हणजे बांधकामाचे जांभ्याचे चिरे काढायला, आधी तोच दिसतो. आमच्याकडची एक खाण काम संपल्यावर तशीच सोडून दिली आहे. चिरे कापलेल्या सरळसोट भिंती, तळाला हिरवं पाणी, कडेला साधा गडगाही (दगडी बांधही) नाही. गुरं तिथेच चरतात.

श्रावण-भाद्रपदात याच कातळावर सीतेची आसवं ही इवली जांभळी रानफुलं फुलतात. कोकणातल्या सड्यांवरची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत गेली. त्याचा अभिमान आहेच, पण विहिरीचं काय?

खाणीचा परवाना देण्याआधी खालच्या वाडीतल्या झऱ्यांची आणि विहिरींची नोंद ग्रामसभेपुढे ठेवणं सक्तीचं करावं. सोडून दिलेल्या खाणींना पावसाआधी कुंपण घालावं.

– एक ग्रामस्थ, ता. राजापूर