‘१०० वॅट, हाय-स्पीड डेटा’ असे छापलेल्या महागड्या केबलबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: २ मीटर टाइप-सी ते टाइप-सी केबलवरील खोटे दावे, पैसे परत मिळणेबाबत

महोदय/महोदया,

आपल्या सर्वांत महागड्या श्रेणीतील या केबलच्या खोक्यावर ‘१०० वॅट’, ‘हाय-स्पीड डेटा’ आणि ‘सोन्याचा मुलामा’ असे तीन दावे आहेत. त्यांपैकी पहिले दोन खरे नाहीत.

१०० वॅट म्हणजे २० व्होल्टला ५ अँपिअर. ३ अँपिअरच्या वर जायचे तर केबलच्या प्लगमध्ये ई-मार्कर चिप, म्हणजे केबल किती करंट पेलते हे सांगणारी चिप, असावी लागते. चार्जर आधी त्या चिपकडे चौकशी करतो आणि उत्तर आले नाही तर ३ अँपिअरवर थांबतो, म्हणजे ६० वॅट. लॅपटॉपची बॅटरी उतरलेली असताना मध्ये यूएसबी मीटर लावून पाहिले: व्होल्टेज २०, पण करंट ३ अँपिअरच्या पुढे सरकत नाही आणि मीटरला चिप सापडत नाही. तोच चार्जर, तोच लॅपटॉप आणि ५ अँपिअरची दुसरी केबल लावली की करंट साडेचारच्या वर जातो. तेव्हा ‘चार्जर बदलून पाहा’ हे आपल्या मदत केंद्राचे उत्तर गैरलागू आहे. चार्जर थांबतो ते योग्यच करतो. चिप नाही ती केबलमध्ये.

डेटाचेही तसेच. वेगवान एसएसडी (बाहेरून जोडायची साठवण डिस्क) जोडली तरी वेग सेकंदाला ४० मेगाबाइटच्या आसपास राहतो. ही यूएसबी २.० या जुन्या मानकाची, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिटची (कागदावर ६० मेगाबाइट, प्रत्यक्षात त्याहून कमी) मर्यादा आहे. १०० गिगाबाइटच्या फाइली उतरवायला त्यामुळे पाऊण तास जातो. जास्त वेगासाठी तारांच्या वेगळ्या जोड्या लागतात आणि १० गिगाबिटची साधी केबल सहसा १ मीटरच्या पुढे जात नाही. २ मीटरच्या केबलवर नुसते ‘हाय-स्पीड’ छापून आकडा न देणे ही दिशाभूल आहे. सोन्याच्या मुलाम्याने संपर्क गंजत नाहीत एवढे खरे, पण त्याने फाइल वेगाने जात नाही.

तारेची जाडी तर खोक्यावर कुठेच नाही, आणि चार्जिंगच्या केबलचे पैसे खरे तर तांब्याचेच. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. २८ गेजची तार असेल तर २ मीटरला जाऊन-येऊन ४ मीटर, म्हणजे सुमारे ०.८५ ओहम. ५ व्होल्टवर २ अँपिअर ओढले तर १.७ व्होल्ट वाटेतच जातात आणि फोन रडतखडत चार्ज होतो. २४ गेजला हीच घट सुमारे ०.७ व्होल्ट असते. नायलॉनची वीण वरच्या घासणीपासून वाचवते; केबल तुटते ती मात्र प्लगच्या मानेशी, आणि तिथे आपण नेहमीचेच छोटे रबर दिले आहे.

जास्त किमतीला माझी हरकत नाही. चिप, जाड तांबे आणि तपासलेल्या डेटा-जोड्या यांना खर्च येतो आणि तो ग्राहकाने द्यावा. इथे मात्र तो घेतला आहे आणि वस्तू दिलेली नाही.

म्हणून केबल परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. बदली म्हणून याच श्रेणीतील दुसरी केबल नको. पुढील खोक्यांवर कमाल अँपिअर, डेटाचा वेग आकड्यात आणि पॉवर तारेचे गेज छापावे. लॅपटॉपसाठी म्हणून ही केबल घेतलेल्या इतर ग्राहकांनाही ती ६० वॅटचीच आहे हे लेखी कळवावे.

सोबत बिलाची प्रत, खोक्याचे आणि दोन्ही केबलींच्या मीटर-नोंदींचे फोटो जोडले आहेत.

आपला,
एक ग्राहक