शेतकरी जवानाची शिळा

माननीय संपादक,

युद्धात कामी आलेल्या तरुण शेतकरी जवानाचे स्मारक म्हटले की आपल्या गोव्यात चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, चौथरा आणि त्यावर पांढरा संगमरवर, हे ठरलेलेच. दिसायला झकास, पण शंभरावर इंच पाऊस झेलायचा असतो. संगमरवर म्हणजे मुळात चुनखडीच. पावसाच्या सौम्य आम्लाने अक्षरांच्या कडा झिजतात, वर काळी बुरशी धरते. ती घालवायला कोणी ॲसिड ओततो आणि उरलेसुरले नावही पुसतो! त्यापेक्षा काळा ग्रॅनाइट घ्या. अक्षरे तीन-चार मिलिमीटर खोल कोरा, नुसती रंगवू नका. शिळा साध्या लोखंडी सळीने अडकवली तर सळी गंजून फुगते आणि दगड कोपऱ्यात तडकतो. स्टेनलेस स्टीलच हवे. चौथऱ्याच्या माथ्याला दोन फुटांमागे इंचभर उतार ठेवा. चिरा पाणी पितो; त्यावर निव्वळ सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, पापुद्रे सुटतात. आणि जवळ पिंपळ नको, त्याची मुळे चौथरा फोडतात, भावना कितीही असल्या तरी.

१९४९ पासूनची प्रादेशिक सेना ही आपापला कामधंदा सांभाळून वर्दी चढवणाऱ्यांची. तेव्हा जवान तिच्यातला असेल तर पलटण, हुद्दा, तारखांसोबत ‘शेतकरी’ हा शब्दही कोरला पाहिजे.

त्याचे शेत खाजनात, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीत, असेल तर अनावरणाआधी बांध बघा. मानशीची (बांधातल्या पाण्याच्या दाराची) फळी कुजली की भरतीचे खारे पाणी आत शिरते आणि पावसाने मीठ धुऊन जाईपर्यंत सरद (पावसाळी) भाताची पेरणी खोळंबते.

आपले,
काही वाचक, फोंडा