क्रायस्लर एकट्या आयाकोकांनी तारली नाही

संपादक महोदय,

क्रायस्लर या अमेरिकी मोटार कंपनीच्या पुनरुज्जीवनाचे सारे श्रेय तिचे तत्कालीन प्रमुख ली आयाकोका यांना दिले जाते, हे मला अन्यायाचे वाटते. वॉल्टर क्रायस्लर यांनी १९२५ मध्ये उभारलेली ही कंपनी १९७९ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. अमेरिकी सरकारने दीड अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जाला हमी दिली खरी. पण त्यासाठी कामगार संघटनेने वेतनवाढीवर पाणी सोडले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. कंपनीला तारणाऱ्या के-कार (छोट्या, इंधन वाचवणाऱ्या गाड्या) आणि मिनिव्हॅन (कुटुंबासाठीच्या ऐसपैस गाड्या) उरलेल्या कामगारांनीच घडवल्या. १९८३ मध्ये ते कर्ज मुदतीच्या सात वर्षे आधी फिटले. २००९ मध्ये पुन्हा दिवाळखोरी आली, फियाटने हात दिला आणि कामगारांनी पुन्हा झळ सोसली. आयाकोकांसोबत १९७९ च्या संकटावेळचे कामगार संघटनेचे अध्यक्ष डग्लस फ्रेझर यांचेही नाव घेतले गेले पाहिजे.

– एक वाचक, पुणे