मेसा व्हर्डेहून

ड्युरँगो, कोलोरॅडो
रविवार, रात्र

प्रिय सुध्या,

"मेसा व्हर्डे कसं होतं रे?" असं तू विचारलंस, पण फोनवर टाइप करण्याइतकं ते थोडक्यात नाही. घरची मंडळी झोपलीत, म्हणून निवांत लिहितोय.

तुला इथे आणायलाच हवं होतं. उभ्या कड्यांच्या कपारीत बांधलेली जुनी दगडी घरं आहेत ही. त्यातल्या बाल्कनी हाउसला जायला कड्याला टेकवलेली ३२ फुटी लाकडी शिडी चढावी लागते. पुढे एक १२ फूट लांब भुयार आहे, रुंदी जेमतेम दीड फूट. पोट आत ओढून, रांगत निघालो. मूळ रहिवाशांना या शिड्याबिड्या नव्हत्या. कड्यात हाताची बोटं आणि पायाचा चवडा मावेल एवढ्याच खोबण्या कोरलेल्या, अगदी आपल्या सह्याद्रीतल्यासारख्या. पाठीवर मका नाहीतर पोर बांधून ते यावरून ये-जा करायचे, कारण शेती वर पठारावर आणि घर मध्येच कपारीत.

कपारीतच का, हे कळलं आणि गंमत वाटली. वरचा वालुकाश्म पाणी झिरपू देतो, खालचा शेलचा, म्हणजे घट्ट चिकणमातीच्या दगडाचा थर अडवतो. पाणी मग आडवं वाहत कपारीच्या मागच्या भिंतीतून पाझरतं. त्याच ओलाव्याने दगड ढिसूळ होऊन कपार तयार झाली, आणि तेच पाणी प्यायलाही. क्लिफ पॅलेस या दुसऱ्या वस्तीची कपार तर अशी, की थंडीत कलतं ऊन आत येतं आणि उन्हाळ्यात डोक्यावर छत. तिथे दीडशेच्या आसपास खोल्या आहेत.

मी मात्र एका भिंतीपाशीच रेंगाळलो. चिरे पावासारखे घडवलेले, मधे मातीचा लेप, आणि लेप ओला असतानाच त्यात बारीक कपच्या एकेक करून दाबलेल्या. हात लावायला मनाई आहे, नाहीतर माझं बोट तिथे गेलंच असतं.

ही घरं बाराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे बांधली गेली, आणि १३०० च्या आत सगळे निघून गेले. म्हणजे शंभर वर्षंही पुरती नांदली नाहीत. तुळयांच्या लाकडातली वर्तुळं मोजून हे कळतं, ए. ई. डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने ही पद्धत १९२९ मध्ये पक्की जुळवली. त्याच वर्तुळांत १२७६ ते १२९९ चा दुष्काळही उमटलाय. दुष्काळाशिवाय भांडणतंटेही असणार, जंगलही तुटलं असणार.

पण आमच्या घोळक्यात जो तो "कुठे गायब झाले?" हेच विचारत होता, आणि माझं डोकं फिरलं. गायब कसले! दक्षिणेला गेले. होपी, झुनी, आकोमा, रिओ ग्रांदे नदीकाठचे प्वेब्लो या मूळनिवासी जमाती म्हणजे त्यांचीच लेकरं, आजही मका पेरतात. पूर्वज अजून इथेच राहतात असं ते मानतात, येऊन प्रार्थनाही करतात. १८८८ च्या डिसेंबरात गुरं शोधत आलेल्या वेदरिल नावाच्या गुराख्याला म्हणे क्लिफ पॅलेसचा 'शोध' लागला. आजूबाजूच्या यूट जमातीच्या लोकांना जागा ठाऊक होतीच की.

मग खणणारे आले. १८९१ मध्ये नॉर्डेनशोल्ड हा तरुण स्वीडिश भांडी-हाडं पेट्यांत भरून नेताना याच ड्युरँगोत पकडला गेला. पण अडवायला कायदाच नव्हता! सुटला, आणि सामान शेवटी फिनलंडच्या संग्रहालयात पोचलं. त्यातली माणसांची हाडं परत यायला २०२० उजाडलं. कायदा आणि राष्ट्रीय उद्यान दोन्ही १९०६ च्या जूनमधले, तोवर कितीतरी गेलं होतं.

उद्या आकोमाला निघतोय. साडेतीनशे फुटांहून उंच टेकाडावरचं गाव, अजूनही वापरात. नुसते अवशेष पाहून परतायचं मनाला पटेना. पोरं कुरकुरतायत, त्यांना हॉटेलचा स्विमिंग पूल हवाय.

तू येशील तर मे ते ऑक्टोबरमध्येच ये, एरवी आत नेणाऱ्या फेऱ्या नसतात. तिकिटं ऑनलाइन, १४ दिवस आधी खुली होतात आणि पटापट संपतात. आणि पोट जरा कमी कर, ते भुयार कुणाची गय करत नाही.

तुझा,
अव्या