एअरेटरचे बिल पाण्यातल्या चाचणीनंतरच काढा

महोदय,

छोट्या नगरपालिकांच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांत पृष्ठभागी एअरेटर (पाणी उडवून त्यात हवा मिसळणारे यंत्र) बसला की मोटरची पाटी वाचतात, बटण दाबतात, पाणी उडताना दिसले की एमबीत, म्हणजे बिलासाठीच्या मोजमाप पुस्तकात, नोंद होते. उडणारे पाणी फोटोत छान दिसते. ऑक्सिजन किती उतरला, हे त्यावरून कळत नाही.

ते ठरते मुख्यतः इम्पेलर, म्हणजे पाणी उडवणारे फिरते पात्यांचे चक्र, किती बुडाला आहे त्यावर. मंद गतीच्या एअरेटरमध्ये दोन-तीन सेंटीमीटरचा फरकही ॲम्पिअरमध्ये लगेच दिसतो. कमी बुडाला तर पाणी नुसते शिंपडले जाते आणि मोटर हलकी चालते. जास्त बुडाला तर जादा भारापासून मोटरला वाचवणारा रिले ट्रिप होतो, म्हणजे मोटर बंद पाडतो. मग ऑपरेटर रिलेची सेटिंग वाढवतो आणि काही दिवसांत मोटर जळते. दोष मात्र मोटरच्या माथी.

पाण्याची पातळी टाकीतून पाणी ज्यावरून बाहेर पडते त्या बांधावर ठरते, आणि ती दिवसभर सारखी नसते. ५ एमएलडीचे (दिवसाला ५० लाख लिटरचे) केंद्र आणि २ मीटर लांबीचा बांध धरा. टाकीत परत आणला जाणारा गाळ हिशेबात धरला नाही तरी सरासरी प्रवाहाला बांधावर सुमारे ६ सेंमी पाणी असते, सकाळच्या अडीचपट प्रवाहाला साडेअकरा. म्हणजे इम्पेलर साडेपाच सेंमी जास्त बुडतो. बांध ६ मीटरचा केला तर हाच फरक अडीच सेंमीवर येतो. म्हणून बांध लांब हवा आणि त्याची पट्टी वर-खाली करता येणारी हवी. काँक्रीटमध्ये पक्का बांधून टाकलेला बांध नंतर फोडावा लागतो.

आमची मागणी साधी आहे: अंतिम देयकापूर्वी टाकी भरून, पातळी कमी, मधली आणि जास्त अशी तीनदा बदलून, प्रत्येक वेळी तिन्ही फेजचा विजेचा प्रवाह क्लॅम्प मीटरने मोजून लिहावा. १५ किलोवॅटच्या मोटरचा पूर्ण भाराचा प्रवाह ४१५ व्होल्टला साधारण २८ ॲम्पिअर असतो. सर्वांत वरच्या पातळीलाही आकडा पाटीवरच्या प्रवाहाच्या आत राहिला पाहिजे. नंतर केंद्र रुळल्यावर टाकीच्या कोपऱ्यांत, मध्यम खोलीवर विरघळलेला ऑक्सिजन मोजावा. लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास असावा. कॅटलॉगमधला, दर किलोवॅट-तासाला किती ऑक्सिजन मिळतो याचा आकडा २० अंशाच्या, ऑक्सिजन नसलेल्या स्वच्छ पाण्याचा असतो. आपल्या ३० अंशाच्या सांडपाण्यात त्याच्या साधारण ६० टक्केच हाती लागतात. निविदेची तुलना करताना हे कुणी विचारत नाही!

पाणी सोडण्याआधीच्या तपासण्या तर फुकटात होतात. गिअरबॉक्स बहुधा तेलाशिवाय येतो. तेल भरून काचेतली पातळी पाहावी. वाहतुकीसाठी बंद केलेला हवेचा बूच काढून ब्रीदर (हवा ये-जा करू देणारा बूच) लावावा, नाहीतर आत दाब वाढून सीलमधून तेल गळते. मोटरची फिरण्याची दिशा तिला गिअरबॉक्सशी जोडणारे कपलिंग सोडवूनच तपासावी; गिअरबॉक्समध्ये उलट फिरू न देणारा बॅकस्टॉप असेल तर एकदा उलटे फिरवले तरी तो तुटू शकतो. पायाची प्लेट चारही कोपऱ्यांवर पाणसळीने तपासावी. मीटरला अर्धा मिलिमीटरची चूक २ मीटर लांब शाफ्टच्या टोकाला १ मिलिमीटर होते. ती शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) घालून काढायची. बोल्ट आवळून प्लेट वाकवली की थरथर सुरू होते. प्लेटखाली भरलेले ग्राउट (सिमेंटचे मिश्रण) कडक होण्यापूर्वी बोल्ट पूर्ण ताणू नयेत, हे ठेकेदाराला सांगावे लागते, कारण त्याला यंत्र लवकर फिरवून दाखवायचे असते.

सांडपाणी आत येते तिथली जाळी ढोबळ असेल तर चिंध्या आणि प्लास्टिक पात्यांना गुंडाळले जाते. तोल बिघडतो आणि बेअरिंगवर ताण येतो. तेव्हा बारीक जाळी एअरेटरच्या आधी चालू झाली पाहिजे, नंतरच्या टप्प्यात नव्हे.

आपले,
सांडपाणी केंद्रांवर यंत्रजोडणीचे काम करणारे काही अभियंते