वास्तुशांतीला का आलो नाही

परभणी
१४ मे २०२५

चि. संतोष यास अनेक आशीर्वाद.

‘तुम्हाला माझं घर बघायचंच नव्हतं’ म्हणून तू फोन ठेवलास, त्याला आज चार दिवस झाले. त्या वेळी शेजारी सुमीची पोरं होती, बोलता आलं नाही. म्हणून लिहितो.

रेल्वेचं आरक्षण मीच केलं होतं. आदल्या दिवशी सोवळं नेसून देवापुढं पाटावर बसून पाहिलं. बसलो तोवर ठीक. उठताना धोतर भिजलं. व्याही, तुझ्या हापिसातली माणसं, होमापुढं सगळे, आणि त्यात मी. एवढंच कारण आहे, लेकरा.

प्रोस्टेटच्या, म्हणजे मूत्राशयाखालच्या गाठीच्या, कॅन्सरच्या ऑपरेशनला सव्वादोन वर्षं झाली म्हणजे सगळं संपलं, असं तुला वाटतं. मलाही वाटलं होतं. मोंढ्यात चाळीस वर्षं वह्या लिहिल्या, तो हात जात नाही. लघवीची नळी काढली त्या दिवसापासून पॅडची नोंद आहे. सुरुवातीला दिवसाला पाच, होळीला तीन, दिवाळीला एक. मग धार सुतासारखी झाली. प्रोस्टेट काढून मूत्राशय जिथं जोडलं, तिथला व्रण आकसला होता. दुर्बिणीतून वाट रुंद केली आणि गळणं परत वाढलं. या उन्हाळ्यात पाणीच कमी पिऊन पाहिलं, तर लघवी घट्ट होऊन घाई जास्तच व्हायला लागली. आता पाणी पितो, चहा एकदाच घेतो आणि खालचे स्नायू आवळायचा व्यायाम रोज तीन वेळा करतो.

दुसरी गोष्ट बापानं लेकाला लिहायची नसते, तरी लिहितो. नवरा-बायकोच्या संबंधाला लागतात त्या नसा एका बाजूच्या वाचवल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, त्यांना जाग यायला दोन वर्षंही लागतात, आणि कधी येतही नाही. तुझी आई आणि मी ते समजून घेतलंय.

कार्तिकात तुला ४५ पूर्ण होतील. पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्ताची तपासणी, करून घे. नुसतं रक्त द्यायचं असतं.

माझ्या वडिलांची, आबांची आठवण येते. रात्री पाच-सहा वेळा कंदील घेऊन परसात जायचे. पुढं कंबर धरली, अंथरूण धरलं. आम्ही म्हणायचो, वय झालं. मी विटकरीनं शेकायचो आणि ते म्हणायचे, खालून नाही रे, आतून दुखतंय. त्यांना काय होतं ते कुणी तपासलंच नाही, म्हणून मी खात्रीनं काही म्हणत नाही. पण डॉक्टरांनी ‘घरात कुणाला होतं का?’ विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो, आणि त्या रात्री ती वीट आठवली. बापाला असलं तर लेकाचा धोका जवळपास दुप्पट होतो. मला तर काहीच त्रास नव्हता, रक्तातच सापडलं. आकडा जास्त आला म्हणजे कॅन्सरच असं नाही, प्रोस्टेटची गाठ साधी वाढली किंवा लघवीत जंतू असले तरी तो वाढतो. पण बघायला तर पाहिजे ना? तू शिकलेला, घरात लहान लेकरू, आणि ‘बघू’ म्हणतोस. बघू काय?

रागावलो, माफ कर. ज्या लेकानं दहा दिवस माझी लघवीची पिशवी स्वतः रिकामी केली, मापून कागदावर मांडली, त्याला मी काय शिकवावं? आईनं विचारलं होतं, रोबो कापतो तर डॉक्टर काय करतो? तू हात धरून तिला सांगितलंस, डॉक्टरच बसून चालवतो गं, रोबोचे नुसते हात. मी डोळे मिटून ऐकत होतो. मोंढ्यात अजून सांगतो ते.

माझा परवाचा पीएसएचा रिपोर्ट ०.०८ आला. मागचा ०.०३ होता. दोनदा ०.२ किंवा वर गेला तर किरणांचा शेक द्यायचा का ते ठरवतील. तीन महिन्यांनी परत बघायचंय. आईला आकडा सांगितलेला नाही, तूही सांगू नको.

श्रावणात येतो. मला खुर्ची ठेव, पाट नको. ओवीला म्हणावं, उंबरठ्याचा फोटो पाठव.

तुझे
अण्णा

ता. क. रक्त द्यायच्या आधी दोन दिवस सायकल बंद ठेव, तिनंही आकडा वाढू शकतो. तारीख ठरली की कळव.